सदतीस फुटांमागे एक फूट

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला निमंत्रण दिले ते कामगार चळवळीवर बोलण्यासाठी. ते काम आम्ही एरवी करतोच, आणि बरेचदा न बोलावता करतो. म्हणून या खेपेस आम्ही विषय बदलून मागितला. विषय गणिताचा आहे असे कळताच चालकांपैकी एकांनी "श्रोते उठून जातील हो" अशी प्रेमळ धास्ती व्यक्त केली. श्रोते उठून गेले नाहीत, हे नमूद करावयास आम्हांला आनंद वाटतो. त्या दिवशीचे भाषण थोडे वाढवून येथे देत आहोत.

विषयाचे मूळ आमच्या रात्रीच्या वर्गात आहे. लोणावळ्यात संघटनेच्या कचेरीत आठवड्यातून दोनदा आम्ही हिशेब आणि थोडे गणित शिकतो. शिकवतो असे म्हणण्याइतके आमचे शिक्षण झालेले नाही. एका पावसाळी संध्याकाळी एक निवृत्त गँगमन येऊन बसले. चाळीस वर्षे घाटात रूळ सांभाळलेला माणूस. त्यांनी विचारले, "भाऊ, सदतीसला एक म्हंजी किती डिग्री?"

प्रश्न साधा दिसतो. घाटात रुळाच्या कडेला चढाची पाटी असते. तिच्यावरील आकड्याचा अर्थ एवढाच की, इतके फूट पुढे गेले म्हणजे रूळ एक फूट वर चढतो. बोरघाटातील जुन्या मार्गाचा सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांमागे एक फूट असा होता. संपूर्ण घाट सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट चढतो. म्हणजे सरासरी शेहेचाळीस फुटांमागे एक. ही प्रमाणे गँगमनला पाठ असतात. पण प्रमाणावरून कोन काढावयाचा कसा? कोन दिला असता चढ काढणे हा सरळ प्रश्न. चढ दिला असता कोन काढणे हा उलटा प्रश्न. पुस्तकी भाषेत पहिल्याला त्रिकोणमितीय फल आणि दुसऱ्याला व्यस्त त्रिकोणमितीय फल म्हणतात. नावे भारी आहेत. परंतु किमतीवरून माप काढणे आणि मापावरून किंमत काढणे यांत जेवढा फरक, तेवढाच येथे आहे.

आम्ही स्वतः या उलट्या प्रश्नाशी प्रथम वयाच्या एकोणिसाव्या वर्षी अडखळलो. एका कारखान्यात हेल्पर होतो. कोनांचे एक कोष्टक भिंतीवर लावलेले असे. त्याचा अर्थ एका साहेबांना विचारला, तेव्हा "तुझे काम हातोडा चालवण्याचे, तो चालव" असे उत्तर मिळाले. साहेबांचे नाव सांगण्यात हशील नाही. त्यांनाही तो अर्थ ठाऊक नसावा असा संशय आम्हांला पुढे अनेक वर्षांनी आला. मग रद्दीच्या दुकानातून एक फाटके कलनशास्त्राचे पुस्तक पैदा केले. त्यात भुजज्येच्या चिन्हावर उजवीकडे वर बारीक अक्षरात उणे एक छापलेले. आम्ही त्याचा अर्थ एक भागिले भुजज्या असा घेतला आणि सहा महिने चुकीची गणिते केली. हे चिन्ह १८१३ साली जॉन हर्शेल या इंग्रज पंडिताने रूढ केले. त्याचा हेतू चांगला असेल, पण ज्यांना शिकवणारा कोणी नाही त्यांचे त्याने किती नुकसान केले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही!

असो. चढावरून कोन काढला म्हणजे प्रश्न संपत नाही. पुढचा प्रश्न असा की, चढ किंचित बदलला तर कोन किती बदलेल? हेच व्यस्त फलाचे विकलन. आणि येथे एक आश्चर्य आहे, ज्याने आमच्यासारख्याला या विषयाचे वेड लावले. कोन, वर्तुळ, चाप असल्या गोल गोष्टींनी भरलेला हा प्रश्न. पण त्याचे उत्तर काढावयास बसले की कोन नाहीसा होतो, वर्तुळ नाहीसे होते, आणि हाती उरतो निव्वळ वर्ग आणि वर्गमूळ यांचा सरळ अपूर्णांक.

वर्गात आम्ही हे रंगाऱ्याच्या शिडीवर दाखवले. शिडी दहा फुटांची. भिंतीला टेकवली, वरचे टोक सहा फुटांवर, तर पाय भिंतीपासून आठ फुटांवर. आता पाय आत सरकवून वरचे टोक एक इंच वर चढवा. शिडीचा जमिनीशी असलेला कोन सुमारे ३६ कलांनी, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा अधिक, वाढतो. मग शिडी इतकी उभी करा की पाय भिंतीपासून दोनच फुटांवर येईल. पुन्हा टोक एक इंच चढवा. आता कोन पावणेतीन अंशांच्या जवळपास वाढतो. इंच तोच, शिडी तीच. कोनाची वाढ साडेचारपट. असे का? कारण शिडी किंचित वळली की तिचे टोक वर चढते ते, पाय भिंतीपासून जितका दूर, त्या प्रमाणात. हा सरळ नियम. तो उलटा केला की, टोक किती चढले त्याला पायाच्या अंतराने भागावे, म्हणजे वळण निघते. भागणारी संख्या म्हणजे पायाचे भिंतीपासूनचे अंतर, आणि ते शिडीच्या वर्गातून उंचीचा वर्ग वजा करून मूळ काढले की मिळते. शिडी एक मापाची धरली तर 'एक उणे उंचीचा वर्ग, त्याचे मूळ'. पुस्तकातील सूत्र हेच आहे. शिडी अगदी उभी होत आली की भागणारी संख्या शून्याकडे जाते, आणि कोन हाताबाहेर जातो. आमच्या वर्गातील रंगाऱ्याने यावर सांगितले की, उभ्या शिडीची भीती त्याला उपजतच आहे, तिच्यासाठी वर्गमूळ काढावे लागले नाही.

(येथे कोन अंशांत न मोजता चापाच्या लांबीने मोजावयाचा असतो, तसल्या एका मापात सुमारे ५७.३ अंश बसतात. वर दिलेले आकडे पुन्हा अंशांत व कलांत उतरवून घेतले आहेत.)

आता हे गणित प्रथम कोणाला लागले? शिडीवाल्याला लागले नाही, रस्तेवाल्यालाही नाही. लागले ते आकाशाकडे पाहणाऱ्याला. पंचांग करणाऱ्याला ग्रहाचे स्थान लागते. ग्रह सरासरी गतीने जेथे असावयास हवा तेथे तो नसतो. त्याला एक दुरुस्ती, म्हणजे 'फल', लावावे लागते. जुन्या सिद्धांतात या फलाची ज्या आधी मिळते. ज्येवरून चाप काढावा तेव्हा फल हाती येते. म्हणजे प्रत्येक ग्रहासाठी प्रत्येक दिवशी उलटा प्रश्न. आणि ग्रहाची त्या दिवसाची गती हवी असेल, तर या उलट्या प्रश्नाच्या उत्तराची वाढ किती हे सांगावे लागते. तिथी केव्हा संपते, ग्रहण केव्हा लागते, हे सर्व त्या गतीवर अवलंबून.

भास्कराचार्य आपले. शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ चा जन्म. छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धांतशिरोमणि' लिहिला. सह्य पर्वताच्या आश्रयाला असलेल्या विज्जडवीड नावाच्या गावी आपण राहतो असे त्यांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. ते गाव नेमके कोणते यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. चाळीसगावजवळ पाटणे येथे त्यांचा नातू चंगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख मात्र उभा आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी गेल्याच्या आधीच्या शतकात उजेडात आणला. एका गणित्याच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी जमीन तोडून देणारे राजपुरुष तेराव्या शतकाच्या आरंभी या देशात होते, हे आम्हांला त्यांच्या लढायांहून मोठे वाटते.

भास्कराचार्यांनी गतीचे दोन प्रकार केले : आजच्या आणि उद्याच्या स्थानांतील फरक ही स्थूल गती, आणि त्या क्षणाची ती तात्कालिक गती. चंद्र क्षणाक्षणाला वेग बदलतो, तेव्हा तिथीचा शेवट जवळ असता तात्कालिक गतीच घ्यावी असे ते सांगतात. ज्या किती वाढते हे कोटिज्येच्या प्रमाणात, हा सरळ नियम त्यांच्या हाती होता. आता उलट्या नियमाचे काय? येथे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. सूर्य-चंद्रांच्या मंदफलात त्यांनी चाप आणि ज्या यांतील फरक सोडून दिला. चंद्राचे फल फार तर पाच अंशांचे. तेवढ्या लहान कोनात ज्या आणि चाप जवळजवळ सारखीच, आणि शिडीच्या भाषेत सांगायचे तर शिडी जवळजवळ आडवी पडलेली, तेव्हा भागणारी संख्या एकच धरली तरी हजारात चारांहून अधिक फरक पडत नाही. परंतु मंगळ-शुक्रांच्या शीघ्रफलात फल चाळीस अंशांच्या वर जाते. तेथे ही सूट चालत नाही, आणि तेथे त्यांनी ती घेतलेली नाही. त्यांनी फलाची कोटिज्या घेऊन तिला कर्णाने भागण्याचा जो नियम दिला आहे, तो आजच्या पद्धतीने व्यस्त ज्येचे विकलन करून पाहिले असता तंतोतंत येतो. शिवाय फल जेथे सर्वांत मोठे असते, तेथे त्या फलाची गती शून्य असते, हेही त्यांनी ओळखले होते. कमाल-किमान काढावयास शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आज हाच धडा पहिला मिळतो.

मंदफलातील ती सूट पुढे केरळात भरून निघाली. नीलकंठ सोमयाजी यांचा 'तंत्रसंग्रह' इसवी सन १५०० च्या सुमाराचा. त्यात मंदफलाच्या गतीसाठी ज्येच्या वर्गाची वजाबाकी करून, मूळ काढून, त्याने भागावे असा स्पष्ट नियम आहे. हीच आमची शिडी. नीलकंठांनी याचे श्रेय आपले गुरू दामोदर यांना दिले आहे. आम्ही संघटनेच्या कामात आयुष्य घालवले. दुसऱ्याचे श्रेय न चुकता दुसऱ्याच्या नावे मांडणारा माणूस किती विरळ असतो हे आम्ही जाणतो.

केरळात आणखी एक गोष्ट घडली होती. चढावरून कोन, म्हणजे व्यस्त स्पर्शज्या, हा आमच्या गँगमनचा खरा प्रश्न. त्याचे विकलन डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर घाटातील एखाद्या जुन्या दगडी पुलाच्या खांबासमोर चाळीस फुटांवर उभे राहावे. खांबाचे थर एकेक फूट उंचीचे आहेत असे समजा. डोळ्यासमोरचा थर सुमारे ८६ कलांचा कोन व्यापतो. डोळ्याच्या वर चाळीस फुटांवर असलेला तेवढाच थर ४३ कलांचा, म्हणजे निम्मा. ऐंशी फुटांवरचा सुमारे १७ कलांचा, म्हणजे पाचवा हिस्सा. वरचा थर दोन कारणांनी लहान दिसतो : एक तर तो दूर असतो, आणि दुसरे, तो तिरपा दिसतो. दोन्ही कारणांनी एकेकदा तिरप्या अंतराने भागावे लागते. म्हणून त्याच्या वर्गाने भागावयाचे. तिरप्या अंतराचा वर्ग म्हणजे समोरच्या अंतराचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग. समोरचे अंतर एक धरले तर 'एक अधिक चढाचा वर्ग'. चढ एक असता दोनाने, दोन असता पाचाने. हेच पुस्तकातील दुसरे सूत्र.

ही उपपत्ती ज्येष्ठदेवांच्या 'युक्तिभाषा' या ग्रंथात आहे. स्पर्शरेषेचे अगदी बारीक सारखे तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्यामागचा चाप वरीलप्रमाणे काढावयाचा, आणि सर्वांची बेरीज करावयाची. त्या बेरजेतून, माधव नावाच्या त्यांच्या पूर्वसूरीने चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या संधीला शोधलेली श्रेणी निघते : एक, उणे एकतृतीयांश, अधिक एकपंचमांश, अशी चढत जाणारी, आणि तिची चौपट म्हणजे वर्तुळाचा परिघ भागिले व्यास. युरोपात ग्रेगरी आणि लायब्निट्स यांना ही १६७० नंतर सापडली. आणि आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, हा ग्रंथ संस्कृतात नाही. तो सोळाव्या शतकात मलयाळम भाषेत, गद्यात, कारणे देत देत लिहिलेला आहे. १८३४ मध्ये व्हिश नावाच्या इंग्रज अंमलदाराने या केरळी गणिताची माहिती प्रसिद्ध केली. पण शंभर वर्षे तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

इकडे आपल्याकडे काय चालले होते? त्याच सोळाव्या शतकात, शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, कोकण किनाऱ्यावरील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' लिहिले. या ग्रंथाची कीर्ती अशी की, ग्रहांचे सारे गणित त्यांनी ज्या आणि चाप यांच्यावाचून करून दाखवले. गुणाकार, भागाकार, वजाबाकी, आणि काम तमाम. खेड्यातील जोशीबुवांना याहून मोठी सोय कोणती? महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे यावरच झाली. गणेश दैवज्ञ स्वतः मोठे गणिती होते. त्यांना ज्या-चाप येत नव्हते म्हणून त्यांनी ते टाळले, असे म्हणणे शुद्ध अडाणीपणाचे होईल. श्रम वाचवणारा माणूस आम्हांला शत्रू वाटत नाही. परंतु सोयीच्या मागचे कारण विसरले गेले की सोय ही बेडी होते. ग्रह आकाशात एकीकडे आणि पंचांगात दुसरीकडे दिसू लागले, तेव्हा दुरुस्ती कोठे करावी हे सांगणारे फार थोडे उरले होते. त्या थोड्यांपैकी केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत प्रसिद्ध केली, आणि पंचांगशुद्धीचा वाद महाराष्ट्रात पेटला. छत्रे हे लोकमान्यांचे गुरू. पंचांगाच्या वादात लोकमान्य पुढे का पडले, हे त्यावरून कळते.

आता आम्ही १८५८ सालाकडे येतो, कारण त्या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. संबंध नव्हता, हेच आमचे दुःख आहे.

पहिली गोष्ट कलकत्त्याची. काशीच्या संस्कृत पाठशाळेत शिकवणारे बापूदेव शास्त्री, मराठी घराण्यातले, १८२१ चा जन्म. त्यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटे टिपण इंग्रजीत छापले : भास्कराचार्यांना विकलनाचे तत्त्व ठाऊक होते. तात्कालिक गतीचा सर्व दाखला त्यांनी त्यात दिला. लंडनहून विल्यम स्पॉटिसवुड या नामांकित गणित्याने १८६० मध्ये उत्तर दिले. शास्त्रीबुवांनी थोडे अधिक म्हटले आहे, अनंतसूक्ष्म राशीची कल्पना भास्कराचार्यांनी कोठे उघड मांडलेली नाही, असा त्यांचा आक्षेप. मात्र भास्कराचार्यांच्या पद्धतीची त्यांनी मनापासून तारीफ केली. या वादात आमचे मत कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो. स्पॉटिसवुड यांचा आक्षेप रास्त आहे. कोणतेही फल समोर ठेवा, मी त्याचे विकलन करतो, अशी सर्वांना लागू पडणारी रीत न्यूटन-लायब्निट्सच्या आधी कोणाजवळ नव्हती. परंतु ग्रहगतीसाठी जी दोन-तीन फले लागत होती, त्यांचे विकलन आपल्या लोकांनी बरोबर केले, आणि त्यांत व्यस्त ज्येसारखे अवघड फल होते, हेही तितकेच खरे. सर्व काही आमच्याकडे होते म्हणणाऱ्याने आणि आमच्याकडे काहीच नव्हते म्हणणाऱ्याने, दोघांनीही मूळ ग्रंथ उघडलेला नसतो. ज्यांना मराठीत उघडावयाचा असेल, त्यांच्यासाठी शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ पासून आहे.

दुसरी गोष्ट आमच्या मावळातली. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली. वडगाव, तळेगाव, कामशेत या मावळच्या गावांनी धूर सोडीत जाणारी गाडी प्रथम पाहिली. पण मुंबईकडची गाडी घाटाखालीच थांबत होती. मधला घाट लोक पालखीने, तट्टाने, गाडीने चढत. घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले होते. जेम्स बर्कली हे मुख्य इंजिनिअर. फॅव्हिएल हे कंत्राटदार. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि खंडाळ्याजवळ गाडी उलटी फिरवण्याचे स्टेशन, कारण डोंगर वळण घेऊ देईना. हे उलटे स्टेशन १९२९ च्या सुमारास, विजेच्या गाड्या आल्या तेव्हा, नवा मार्ग काढून बंद झाले.

या घाटाचा प्रत्येक चढ कोणीतरी दुर्बिणीच्या यंत्राने कोन मोजून आणि साखळीने अंतर मोजून ठरवला. कोन मोजण्यात किंचित चूक झाली तर उंचीत किती चूक येईल, आणि उंचीतील चुकीने कोन किती बिघडेल, हे त्या माणसांना ठाऊक असावेच लागते. आणि ते म्हणजे आमचे भागणारे दोन अपूर्णांक. त्याच भागात, सह्याद्रीच्या त्याच कुशीत, ज्यांच्या पूर्वजांपैकी एकाने हे गणित सातशे वर्षांपूर्वी केले होते, ती माणसे डोक्यावर पाट्या वाहत होती. जानेवारी १८६१ मध्ये कामावर बेचाळीस हजार माणसे होती. घाट पुरा होईपर्यंत पटकीने आणि तापाने हजारोंनी मेली. बर्कली १८६२ मध्ये वारले. दुसरे कंत्राटदार ट्रेडवेल हे १८५९ मध्ये आल्यावर थोड्याच दिवसांत गेले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुरे करवले. या तिघांची नावे इतिहासात आहेत. पाटीवाल्यांपैकी एकाचेही नाव नाही.

१८५९ च्या आरंभी मजुरीच्या तक्रारीवरून घाटात दंगल झाली. एक गोरा माणूस मारला गेला. त्याच वर्षी फॅव्हिएलनी कंत्राट सोडले. पुढच्या वर्षी, १८६० मध्ये, सरकारने मालक आणि मजूर यांच्या तंट्यांचा कायदा केला. त्यात मजुरीची फिर्याद मॅजिस्ट्रेटपुढे झटपट नेण्याची सोय होती, ती चांगली. पण करार मोडणाऱ्या मजुराला कैद होती, आणि हे कलम पुढे मालकांच्या फार उपयोगी पडले. हा कायदा १९३२ पर्यंत जिवंत होता. आमच्या धंद्याचा इतिहास शिकवताना आम्ही मुंबईच्या गिरण्यांपासून आरंभ करीत असू. आता घाटापासून करतो.

आमचे काही सहकारी म्हणतात की, भुकेल्या मजुराला विकलन कशाला हवे? त्याला मजुरी हवी. प्रश्न चुकीचा नाही. पण घाटातील मजुरी कशावर ठरत असे? खोदलेल्या मातीच्या, फोडलेल्या दगडाच्या मापावर. माप कोण घेई? मुकादम. आणि मापाचा हिशेब मजुराला कळत नसे. त्या काळी गणित मराठीत नव्हते असे मात्र नाही. हटनच्या गणिताचे भाषांतर 'शिक्षामाला' या नावाने १८२८ च्या सुमारास मुंबईत झाले होते. बाळशास्त्री जांभेकरांनी 'शून्यलब्धि गणित' लिहिले. शून्यलब्धि म्हणजेच आजचे विकलन. शब्द किती सुंदर आहे! अंतर शून्याला जाऊन मिळते आणि तरी काहीतरी हाती लागते. १८५४ मध्ये पुण्यात सरकारी बांधकामाला हाताखालची माणसे तयार करण्यासाठी इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. म्हणजे पुस्तक होते, शब्द होते, पुण्यात वर्गही होता. घाटात मात्र पाटी, घमेले आणि फावडे एवढेच पोहोचले. ज्येष्ठदेवांनी मलयाळममध्ये जे केले, ते आमच्या भाषेत सुरू होऊन मधेच थांबले, आणि पुढची शंभर वर्षे हे ज्ञान इंग्रजीच्या दाराआड राहिले. १८६७ मध्ये घाटातला एक मोठा कमानींचा पूल कोसळला. बांधकाम कच्चे होते. ते कच्चे आहे हे दगड लावणाऱ्या गवंड्यांना कळले नसेल असे आम्हांला वाटत नाही. त्यांचे म्हणणे मापात मांडून पुढे ठेवण्याची सोय त्यांना नव्हती.

आता गँगमनबाबांच्या प्रश्नाचे उत्तर. ५७.३ ला ३७ ने भागावे : १.५५ अंश, म्हणजे एक अंश ३३ कला. इतक्या लहान चढाला 'एक अधिक चढाचा वर्ग' हा जवळजवळ एकच असतो, म्हणून नुसत्या भागाकाराने भागते. शेहेचाळीसच्या सरासरी चढाला एक अंश १५ कला. बाबांनी हाताची पट्टी धरून एवढा कोन करून पाहिला आणि म्हणाले, "एवढासाच? मग पाय कशानं भरून यायचे?" वर्ग हसला.

दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा आले. घरी विचार करून आले होते. "हे सदतीस फूट," ते म्हणाले, "रुळावरनं मोजायचं का खालच्या सपाटीवरनं? आम्ही तर आयुष्यभर रुळावरनंच चाललो." आम्ही चपापलो. प्रश्न अगदी मुळावर घाव घालणारा होता. सपाटीवरून मोजले तर व्यस्त स्पर्शज्या, रुळावरून मोजले तर व्यस्त भुजज्या. दोन निरनिराळी फले. दोघांची भागणारी संख्या निराळी. फळ्यावर दोन्ही गणिते मांडली. एक मुलगा कागदावर, एक मोबाइलवर, आणि आम्ही आमच्या जुन्या कोष्टकावर. बराच वेळ गेला. फरक निघाला दोन विकलांचा. विकला म्हणजे कलेचा साठावा भाग.

बाबांनी तो आकडा आपल्या वहीत लिहून घेतला, आणि शेजारच्याला विचारले, दोन विकलांचं रुळावर किती होतं? त्याचे गणित पुढच्या मंगळवारी करावयाचे ठरले.